बार्टेलची गाय

नितेशच्या कपाळावर पुरळ दिसलं तेव्हा डॉक्टर रेवतीने ते लगेच कुणाला सांगितलं नाही. तिने त्याला क्लबहाऊसमध्ये हलवलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि खाली येऊन बाकावर बसून राहिली. नलिनीताईंना ती तिथेच भेटली.

"काय झालं गं?"

"देवी," रेवती म्हणाली. "कांजिण्या असाव्यात असं वाटत होतं. पण तळहातांवरसुद्धा फोड आलेत."

नलिनीताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई. 'देवी' हा शब्द त्यांनी लहानपणानंतर आजच, इतक्या हळू आवाजात, ऐकला.

आम्रकुंज सोसायटी बोरीवली पूर्वेची. गेल्या चैत्रात भर दुपारी आकाश पांढरंफटक झालं, कानठळ्या बसल्या, आणि लोक खिडक्यांशी धावले तेव्हा दोन्ही विंग, बाग, पार्किंग सगळं जागच्या जागी होतं. फक्त गेटबाहेर रस्ता नव्हता. तिथे शेत होतं, शेतापलीकडे नदी, आणि नदीपलीकडे एका चर्चचा टोकदार मनोरा. वरच्या मजल्यावरचा शौनक परदेशी शिकायला जायचं म्हणून जर्मनचा क्लास करत होता. तो चर्चच्या पाद्र्याला भेटून आला आणि त्याने सगळ्यांना सांगितलं. साल होतं सोळाशे चौतीस. मुलूख जर्मनांचा, आणि मुलखात युद्ध.

सुरुवातीला रडारड झाली, मग पोटाचं बघावं लागलं. गावातल्या लोकांना स्टीलचे डबे आणि सुया फार आवडल्या. त्या देऊन दूध, धान्य, लाकूड मिळू लागलं. गच्चीवरच्या सोलर पॅनलवर थोडे दिवे लागत. नलिनीताईंची मुलगी ऋता पुण्यात होती. होती म्हणायचं, की अजून व्हायची आहे म्हणायचं, हे त्यांना कळत नसे. त्यांनी तो विचार करणं सोडलं होतं आणि दूध घालायला येणाऱ्या उर्सुला नावाच्या मुलीकडून एकेक शब्द शिकायला घेतले होते.

नितेश मीठ आणायला नदीपलीकडच्या बाजारात गेला होता, तिथून तो हे घेऊन आला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळ्यांना लांबलांब उभं करून रेवतीने सांगून टाकलं. सेक्रेटरी मार्तंड प्रधान पुढे आले.

"गेट बंद करू. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही."

"काका, ते आत आलंय," रेवती म्हणाली. "ताप आल्यावर नितेश दोन दिवस घरातच होता. श्रुतिका त्याच्याजवळ होती, मी होते, शेजारचे येऊन गेले. ज्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे, त्यांना थोडंफार संरक्षण असेल. बाकी आपण सगळे, मी धरून, कोरडे आहोत."

लोक बाह्या वर करून बघू लागले. पन्नाशीच्या आतल्या कुणाच्याच दंडावर तो गोल व्रण नव्हता. श्रुतिका, नितेशची बायको, खांबाला टेकून उभी होती. तिला सातवा महिना होता. गरोदर बाईला देवी आल्या तर काय होतं ते रेवतीने सगळ्यांसमोर सांगितलं नाही. नंतर जिन्यात नलिनीताईंना सांगितलं.

"एकच उपाय आहे," ती म्हणाली. "गाईच्या सडांवर येतात तसले फोड, गोस्तन देवी. त्या फोडातली लस टोचली की माणसाला खऱ्या देवी होत नाहीत. लागण झाल्यावरसुद्धा लगेच टोचलं तर वाचायची शक्यता असते. पण तशी गाय हवी. ताजे फोड असलेली. आणि आजउद्यात."

नलिनीताई कठडा धरून थांबल्या. "उर्सुलाच्या बोटांवर फोड होते. मागच्या खेपेला. मी विचारलं तर हसली, गाईमुळे म्हणाली."

जायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. नलिनीताईंच्या दंडावर दोन व्रण होते आणि मोडकीतोडकी भाषा येत होती. दुसरं माणूस आपणहून उठलं. काशीराम, नितेशचे वडील. मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर बोरीवलीत आलेले. त्यांचा चेहरा लहानपणीच्या देवींनी पार खडबडीत करून ठेवला होता. त्यांची धाकटी बहीण त्याच साथीत गेली होती. क्लबहाऊसमध्ये मुलाजवळ बसून तेच त्याला पाणी पाजत होते.

"माका देवी येवन गेलेत," ते म्हणाले. "माका आता काय होवचा नाय. मी जातंय."

"अहो भाऊ, नितेशजवळ कोण बसेल?"

"शेजारची सुलक्षणा बसतली. तिका व्रण हा." मग थोडं थांबून म्हणाले, "नितेशाक ही लस आता उपयोगाची नाय, मी विचारलंय डॉक्टरणीक. पण सुनेक हा."

सकाळी निघताना ते क्लबहाऊसमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता. ते उर्सुलाच्या गावाकडे जाणाऱ्या जंगलातल्या वाटेला लागले.

गावाच्या वेशीवरच त्यांना अडवलं. घरांची दारं बंद होती आणि काही दारांवर, आत आजारी माणूस आहे याची खूण म्हणून, गवताच्या पेंढ्या टांगलेल्या होत्या. एका खिडकीतून बाई किंचाळली, "ब्लाटर्न! ब्लाटर्न!" आणि गल्लीतून माणसं गवताचे काटेरी दाताळे घेऊन आली. तो शब्द नलिनीताईंना नवा होता, पण बाईने स्वतःच्या गालांवर बोटं टोचून दाखवली तेव्हा कळला. देवी. हे परके लोक देवी घेऊन आले, असं ते म्हणत होते.

एकाने दाताळा पुढे केला. त्याची टोकं नलिनीताईंच्या स्वेटरला लागली. त्यांना पाठ केलेला एकही शब्द आठवेना.

काशीरामने मफलर काढला.

गर्दीतला आवाज कमी झाला. ते खड्डे काय आहेत हे इथे कुणाला सांगावं लागत नव्हतं. मागून एक दांडगा माणूस पुढे आला. त्याचाही चेहरा तसाच होता. त्याने काशीरामच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग दाताळा हाताने बाजूला सारला. त्याच्या मागून उर्सुला धावत आली. तो तिचा बाप होता, बार्टेल.

घरात घेतल्यावर उर्सुलाने आधी दार लावलं. नलिनीताईंनी तिची बोटं धरून दाखवली, गाय दाखवली, दंड उघडा करून व्रण दाखवले, पोटावरून हात फिरवून गरोदर बाई दाखवली. उर्सुलाला निम्मं कळलं, निम्मं तिने ओळखलं आणि बापाला सांगितलं. मग ती घाईघाईने नलिनीताईंच्या कानाशी आली. बाहेर हे बोलू नका. आजारी गाय आणि परकी बाई असं कुणी ऐकलं तर एकच शब्द निघेल. तो शब्द नलिनीताईंना माहीत होता. चेटकीण.

गाय गोठ्यात होती. तांबूस, हाडं दिसणारी, गळ्यात घंटा. काशीराम वाकले, त्यांनी कासेवर हलका हात फिरवला. सडांवर टपोरे, मधे खोलगट फोड होते.

"आसत," ते म्हणाले. "ताजे आसत."

बार्टेलने नकारार्थी मान हलवली. ही एकच गाय. बाकीची गुरं सैनिकांनी मारून खाल्ली. आतल्या खोलीत दोन लहान मुलं होती, त्यातलं एक सकाळपासून तापलेलं. गाय गेली आणि परत आली नाही तर?

"मी शपथ घेते," नलिनीताई म्हणाल्या. बार्टेलचे शपथेवर विश्वास ठेवायचे दिवस केव्हाच संपले होते. तो गाईपुढून हलला नाही.

काशीरामने घरात येऊन चपला काढल्या आणि ते चुलीजवळच्या बाकावर बसले.

"वयनी, तेका सांगा. मी हंय रवतंय. गाय येयपर्यंत."

"भाऊ, टोचल्यावर दंडावर फोड धरला की नाही ते कळायला चार-पाच दिवस लागतील. नाही धरला तर पुन्हा टोचायला तोवर गाय ठेवावी लागेल, रेवतीने सांगितलंय. नितेशचं तोवर..."

"माहीत हा माका."

"तुम्ही परत जा. मी राहते."

"तुमका भाषा येता. वाटेत कोण भेटलो तर मी काय बोलू?" ते नलिनीताईंकडे न बघता म्हणाले. "जावा. उशीर करू नकात."

उर्सुला गाईबरोबर निघाली. तिच्याशिवाय गाय पाऊल टाकत नव्हती.

जंगलातल्या वाटेवर आल्यावर पुढून चाकांचा आवाज आला. उर्सुलाने नलिनीताईंना ओढून झाडीत घेतलं, गाईला खाली दरडीशी नेलं आणि डोक्याचा रुमाल काढून घंटेत कोंबला. रस्त्यावरून सैनिक जात होते. गाड्या, फाटके डगले, एक लंगडणारा घोडा. ते कोणत्या बाजूचे होते याला काही अर्थ नव्हता. एक गाय आणि एक तरुण मुलगी, दोन्ही त्यांना चाललं असतं. उर्सुला गाईच्या मानेला मिठी मारून डोळे मिटून उभी होती.

गाड्या जवळजवळ संपल्या. तेवढ्यात एक जण रांगेतून बाहेर पडून झाडीत आला, पट्टा सोडत. वर बघितलं आणि समोर नलिनीताई.

त्याने आधी त्यांना पाहिलं, मग मागे गाय, मग उर्सुला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याने रस्त्याकडे मान वळवून हाक मारायला तोंड उघडलं.

"ब्लाटर्न!" नलिनीताई म्हणाल्या. आवाज फाटला होता. त्या दोन पावलं त्याच्याच दिशेने गेल्या, गाईच्या कासेकडे बोट दाखवलं, उर्सुलाला पुढे ओढून तिची व्रण पडलेली बोटं त्याच्यासमोर धरली, मग स्वतःचा हात त्याच्या तोंडाकडे नेला, जणू शिवणार. "ब्लाटर्न! ब्लाटर्न!"

तो मागे सरकला, झाडाच्या मुळाला अडखळून पडला, छातीवर क्रूस काढत उठला आणि पळाला. रस्त्यावर आरडाओरडा झाला. चाबूक वाजले. गाड्या वेगाने निघून गेल्या. नलिनीताई ओल्या पानांत बसल्या. उर्सुला आता रडायला लागली होती. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि स्वतःही रडून घेतलं, मग म्हणाल्या, "चल गं बाई, चल."

रेवतीने सुई गॅसच्या उरल्यासुरल्या ज्योतीवर धरली, गाईच्या फोडातल्या पाण्यात बुडवली आणि पहिला ओरखडा स्वतःच्या दंडावर काढला. दुसरी श्रुतिका. मार्तंड प्रधान कडेला उभे होते.

"आणि हे भलतंच काही असलं तर? गाईचा कुठला तरी रोग?"

"असू शकतं," रेवती म्हणाली. "मीही हे पहिल्यांदाच करतेय, काका. मला फक्त ते वर क्लबहाऊसमध्ये काय चाललंय तेवढं माहीत आहे."

रांग लागली. मार्तंडरावांनी नातवाला पुढे केलं.

नितेश दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शेवटी त्याला दिसत नव्हतं. बाबा कुठे आहेत, असं त्याने विचारलं, तेव्हा नलिनीताई जवळ होत्या. "श्रुतिकेसाठी गेलेत," त्या म्हणाल्या. ते त्याला कळलं असावं, कारण पुन्हा त्याने विचारलं नाही. मृतदेह ठेवता येत नव्हता. बागेच्या कडेला लाकडं रचली. श्रुतिकेला सगळ्यांनी नको म्हटलं, तरी ती आली आणि लांब काठीच्या टोकाला पेटता बोळा बांधून तिनेच अग्नी दिला.

त्यानंतरचे दिवस लोक एकमेकांच्या दंडाकडे बघत होते. रेवतीच्या दंडावर आधी लाली आली, मग दाणा, मग पाणी भरलेला, मधे दबलेला फोड. श्रुतिकेला ताप चढला तेव्हा कुणी जेवलं नाही. सकाळी तो उतरला होता आणि तिच्या दंडावर तसाच एक फोड होता. अंगावर दुसरीकडे कुठेही काही नव्हतं.

"धरला," रेवती म्हणाली, आणि जिन्यातच बसली.

त्याच दुपारी नलिनीताई आणि उर्सुला गाय घेऊन गावात पोचल्या. बार्टेल दारात होता. त्याने आधी मुलीला पाहिलं, मग गाईच्या पाठीवर थाप मारली आणि दारातून बाजूला झाला.

काशीराम आतल्या खोलीत होते. तापलेल्या मुलाच्या अंगावर आता फोड भरले होते आणि आईला त्याच्याजवळ येऊ न देता काशीरामच लाकडी चमच्याने त्याच्या तोंडात पाणी सोडत होते. त्यांनी वर पाहिलं. नलिनीताईंना वाटेत जुळवलेलं एकही वाक्य बोलावं लागलं नाही.

"कधी?"

"आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"पाणी मागल्यान?"

"मागितलं. दिलं मी. तुमच्याबद्दल विचारलं, सांगितलं त्याला."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"अग्नी कोणी दिल्यान?"

"श्रुतिकेनं."

काशीरामने मान हलवली. "आणि तिचा?"

"धरलाय फोड. ताप उतरला. बाळ हलतंय म्हणाली सकाळी."

ते उठले, गोठ्यात गेले आणि गाईच्या मागे भिंतीशी तोंड करून उभे राहिले. बार्टेल आत जायला निघाला, मग उंबऱ्यावर थांबला आणि टोपी काढून हातात घेतली.

थोड्या वेळाने काशीराम बाहेर आले. तोंड धुतलं. मुलाच्या आजीच्या गालावरही तसेच जुने खड्डे होते. तिला बोलावून त्यांनी चमचा कसा धरायचा, किती थोडं पाणी सोडायचं ते हाताने दाखवलं. मग चपला घातल्या.

बार्टेलने दुसऱ्या, अजून धडधाकट असलेल्या लहानग्या मुलीला कांबळ्यात गुंडाळलं आणि उर्सुलाच्या हातात दिलं. तिला बरोबर न्या, असं तो म्हणत होता. तिच्या दंडावरही ते करा. नलिनीताईंनी होकार दिला; आता रेवतीच्या दंडावरच्या फोडातली लस तिला टोचता येणार होती.

चौघं जंगलाच्या वाटेला लागली. मुलगी जड होती. अर्ध्या वाटेवर उर्सुला दमली तेव्हा काशीरामने हात पुढे केले आणि तिला खांद्यावर घेतलं.