सोसायटीची सतरंजी आणि माळावरचा बेलभंडार

मित्रांनो, माझ्यावर बसणार असाल तर आधी मला नीट झटका. माझ्यात निम्मी धूळ माळाची आहे आणि निम्मी पुढाऱ्यांच्या भाषणांची. मी एक जुनी सतरंजी आहे. गेवराई तालुक्यात, उमापूरच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या सेवा सहकारी सोसायटीने मला विकत घेतले.

माझा जन्म तुरुंगात झाला. कैद्यांनी मला विणले, निळे-तांबडे पट्टे घातले. तिथून मी थेट पुढाऱ्यांच्या सभेत आले. काहींचा प्रवास याच्या उलट व्हायला हवा होता असे मला पुढे बरेचदा वाटले, पण सतरंजीला कोण विचारतो!

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. 'ही सगळ्या सभासदांची सतरंजी,' असे चेअरमन विठ्ठलराव मोठ्या आवाजात सांगायचे. वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर!' असा गलका व्हायचा आणि काय मंजूर झाले ते लोक चहा पिताना एकमेकांना विचारायचे. सभासद माझ्यावर बसत, विठ्ठलराव खुर्चीवर. निवडणूक कोणतीही असो, खाली मीच असायचे. मला खांद्यावर वाहून नेणारा बंकटही ठरलेला. तो माळावरच्या वस्तीतला मेंढपाळ. पंधरा वर्षे त्याने मला उचलले, अंथरले, गुंडाळले, आणि स्वतः कधी टेकून बसला नाही.

मोसंबीच्या बागा वाळल्या त्या दुष्काळात बंकटने मला विठ्ठलरावांच्या प्रचारसभेसाठी त्याच्या वस्तीवर नेले. तिथे तीस घरे. विहीर आटलेली, आणि गावात येणारा टँकर माळावर चढत नसे. तिथली भामाबाई दिवसातून चार वेळा हंडे घेऊन खाली उतरायची. सून भरल्या दिवसांची, तिला पाठवता येत नव्हते. विठ्ठलराव तेव्हा जिल्हा परिषदेला उभे होते, निशाणी बैलगाडी. 'निवडून आलो की आठ दिवसांत टँकर तुमच्या दारात,' असे त्यांनी खुर्चीवरून सांगितले.

मग वस्तीचा थोरला आश्रुबा पितळी ताट घेऊन आला. ताटात बेलाचे पान आणि खंडोबाचा भंडारा. तो उचलून प्रत्येकाने यापुढे विठ्ठलरावांच्या बैलगाडीलाच मत देण्याची शपथ घ्यायची. ही इथली जुनी रीत आहे. एकदा बेलभंडार उचलला की माणूस उपाशी राहील पण शब्द फिरवणार नाही. सगळ्यांत आधी भामाबाईने उचलला. थोडा भंडारा माझ्यावर सांडला, तो पिवळा डाग अजून आहे. ताट तीस घरांत फिरले, पण खुर्चीपर्यंत गेले नाही. टँकरचा शब्द देणाऱ्यानेही काही उचलायला हवे, हे कुणाला सुचलेच नाही.

विठ्ठलराव निवडून आले. आठ दिवस गेले, आठ महिने गेले. टँकर रोज सोसायटीच्या खिडकीसमोरून त्यांच्या मोसंबीच्या बागेकडे वळायचा. मी गोदामात पडून पाहत होते आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली, पुन्हा दुष्काळ आला. विठ्ठलराव बैलगाडी सोडून छत्रीवाल्या पक्षात गेले. त्यांचे काही बिघडले नाही. बिघडले ते वस्तीचे.

"भंडार मानसाच्या नावानं उचललाय," आश्रुबा म्हणाला. "विठ्ठलराव जिथं, आमी तिथं. खंडोबा खोट्याला सोडीत न्हाई."

"न्हाई तात्या, बैलगाडीच्या नावानं उचललाय," बंकट म्हणाला. "दुसऱ्या निशाणीचं बटन दाबलं तर पाप कुनाला लागंल?"

"आन पान्याच्या नावानं कुनी काय उचललं व्हतं का?" भामाबाईने विचारले. तिच्याकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही.

शपथ मोडायची भीती असलेली ही दोन सरळ माणसे. वस्तीचे दोन तट पडले. दोन्ही तटांची सभा एकाच दिवशी, आणि दोघांनाही सतरंजी हवी. आश्रुबाने एक टोक धरले, बंकटने दुसरे. माझी वीण जुनी होती, मी मधोमध फाटले. ज्याने शब्द मोडला तो त्या वेळी शहरात हार घालून घेत होता. मला दुखले त्यापेक्षा राग जास्त आला.

माझे डाग असलेले अर्धे अंग भामाबाईने घरी नेले. चार दिवसांनी विठ्ठलराव वस्तीवर आले. भामाबाईने मला अंथरले, त्यांना खुर्ची दिली आणि तेच पितळी ताट त्यांच्यासमोर धरले.

"मालक, मागल्या बारीला आमी उचलला, आन पाळला. आता टँकरचा भंडार तुमी उचला."

विठ्ठलराव हसले. "अहो भामाबाई, देवाधर्माला राजकारणात कशाला ओढता?"

"कावून? आमच्या हातात दिला तवा त्यो देव नव्हता का?"

विठ्ठलरावांनी घड्याळ पाहिले, चकलांब्याला सभा आहे म्हणाले आणि उठले. त्यांचा हात ताटाला लागला नाही. आश्रुबाने त्या ताटाकडे एकदा पाहिले. मग त्याने बंकटला हाक मारली.

"बंकटा, ये, बस हितं. त्यानं उचलला न्हाई. त्याचा शब्द न्हाई, तर आपलीबी शपथ न्हाई; सुटलो आपन."

बंकट पहिल्यांदाच माझ्यावर टेकला. पण सुटका झाली म्हणून हंडा भरत नाही. दुसऱ्या पक्षाचे उमेदवार आले, त्यांच्यासमोरही ताट ठेवले. त्यांना तर चहा घ्यायलाही सवड नव्हती. मत कुणाला द्यावे हे वस्तीला अजून कळलेले नाही, आणि मलाही नाही.

मित्रांनो, मला उन्हात वाळवा, कसर लागू देऊ नका, जमले तर माझे दोन तुकडे शिवून घ्या. मी सगळ्या सभासदांची आहे. आणि माझ्यावर बसून कुणाला शब्द द्यायची वेळ आली, तर ताट आधी खुर्चीकडे न्या. टँकरचा शब्द मिळाला तेव्हा भामाबाईच्या सुनेच्या पोटात होती ती नात आता पाच वर्षांची आहे. छोटी कळशी घेऊन ती रोज आजीच्या मागे माळ उतरते.