साक्षीला घरचंच माणूस

मृत्युपत्र करायचं बाबांच्या डोक्यात बसलं आणि माझ्या पायांची वाट लागली. घराचे कागद शोधा, बँकेत खेटे घाला, बाबांचं डोकं ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला आणा. दाखला कशाला हवा होता कोण जाणे. चहात साखर कमी पडली की बाबांचं डोकं किती ठिकाणावर आहे ते शेजाऱ्यांनाही ऐकू जातं.

आम्ही तिघं भावंडं. दादा लांबच्या शहरात, धाकटी तिच्या संसारात, आणि मधली मी बाबांजवळ. दिवसभर शाळेत दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडायचं आणि घरी येऊन बाबांचं ऐकून घ्यायचं, असं माझं चाललंय.

वकीलबाईंचं ऑफिस औषधाच्या दुकानावर. जिना असा की बाबांना मी जवळजवळ ढकलतच वर नेलं. बाईंना सर्दी झाली होती. बाबांनी आधीच फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं, ते नाक पुसत त्यांनी वाचून दाखवलं. बाबा शिंपी. शिलाई मशीन त्यांच्या जुन्या कारागिराला. शिडी जावयाला, तिच्यावरून बाबांनी बाईंचं बरंच डोकं खाल्लं होतं म्हणे. बँकेतले पैसे धाकटीला. घर दादाला. मी माझं नाव यायची वाट बघत बसले, तोवर कागद संपला.

"साक्षीदार दोन लागतात," बाई म्हणाल्या. "एक आमचे कारकून. दुसरं कोण?"

"ही आहे की," बाबा म्हणाले.

त्यांचंही बरोबर होतं. आमच्या घरात बाबांच्या ऑपरेशनपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळीकडे सही माझीच. पेन आपोआप माझ्या हातात आलंसुद्धा.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ज्याला यातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या कोणी कोर्टात गेलं तर नसती भानगड."

"मग अडलंय कुठे?" बाबांचा चेहरा खुलला. "हिला काहीच नाहीये."

मला राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात जोर लागतो. मी पेन टेबलावर ठेवलं.

"मी सही करणार नाही, बाबा."

"का गं?"

"तुमच्यामागे घर दादाचं. मी कुठे जाऊ?"

"अगं, तू तर घरातच आहेस. तुला वेगळं काय द्यायचं? आणि सख्खा भाऊ तुला रस्त्यावर काढेल?"

"काढणार नाही. गोड बोलेल, सामान हलवायला टेम्पो बघून देईल आणि घर विकेल."

बाबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी आधी नाक शिंकरलं. मग म्हणाल्या, "घर मुलाच्या नावे ठेवूनही हिला हयात असेपर्यंत राहायचा हक्क देता येतो. तोवर विकायचं नाही, असंही घालता येतं. पण ते स्पष्ट लिहावं लागतं. घरच्यांनी समजून घ्यायचं, असं यात चालत नाही."

बाबा गुडघा चोळू लागले.

"तू कधी बोलली नाहीस," ते मला म्हणाले.

"आता बोलले."

"लिहा मग," ते बाईंना म्हणाले. शिवलेला कपडा गिऱ्हाइकानं परत आणला की त्यांचा असाच आवाज लागायचा.

घरच हिच्या नावे करा, असं कोणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. तेवढं भांडायचं त्राण नव्हतं. बाबांकडून मागून घ्यावं लागलं याचं वाईट वाटत होतं, आणि डोळे मिटून तिथेच खुर्चीत पडावंसं वाटत होतं.

कारकून नवा मजकूर टाइप करायला बसला. साक्षीदार मात्र पुन्हा एक कमी पडला. बाबांना जिना उतरवत नव्हता, म्हणून शोधायला मीच निघाले. ज्याला आमच्या घरातून काहीही मिळायचं नाही, असं एक माणूस हवं होतं. थोड्या वेळापूर्वी ते मी होते.