सैकालची पखाल

माझी बायको सैकाल गेली तेव्हा घोड्यांचं दूध आटायला लागलं होतं. शेवटचं दूध तिनेच काढलं, कुमिस आंबवायला तंबूच्या दाराशी टांगलेल्या कातडी पखालीत ओतलं, रवीने घुसळलं आणि जरा पाठ टेकते म्हणाली. ती उठलीच नाही.

आमची मुलगी अनारकुल दूर रशियात एका इस्पितळात फरशी पुसायच्या कामाला आहे. ती मातीला पोचू शकली नाही. फोनवर रडून झाल्यावर म्हणाली, "बाबा, आईच्या हातचा कुमिस आहे ना? माझ्यासाठी वाटीभर ठेवा. सुट्टी मिळाली की निघते."

सुट्टी आठ दिवसांनी मिळणार होती. "ठेवतो," मी म्हणालो. चाळीस वर्षं इथल्या सुसामिर खोऱ्यातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. हे तर माझ्याच विषयातलं काम.

अनारकुलची नऊ वर्षांची मुलगी कानिशाय आमच्याकडेच वाढते. तिला बरोबर घेऊन पखाल ओढ्यावर नेली आणि सावलीत, बर्फासारख्या पाण्यात ठेवली.

"पाण्यात कशाला, आजोबा?"

"दुधाचा कुमिस झाला तरी ते आंबायचं थांबत नाही. पुढे पुढे नुसतं आंबटढाण होतं. ते थांबवता येत नाही, पण सावकाश करता येतं. गारठ्यात सगळं सुस्तावतं. तू नाही का सकाळी अंथरुणात?"

ती हसली. आजी गेल्यापासून पहिल्यांदाच. "आणि घुसळलं तर?"

"तळातलं विरजण सगळीकडे पोचतं, हवा मिसळते. मग ते धावतच सुटतं."

"म्हणजे कुणी हात लावायचा नाही."

"अजिबात नाही."

दुपारी शेजारची म्हातारी ऊलकान कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मास्तर, मास्तरकी शाळेत करा! सैकालच्या दाराशी पखाल नाही? घरात पाऊल टाकलं की आधी रवीचे चार हात मारायचे, मग बसायचं. बाईला तेवढाच हातभार. आयुष्यभर तिला लोकांनी तो दिला. आता शेवटचा देऊ द्यायचा नाही?"

मी पखालीतून गुपचूप एक बाटली भरली, बूच घट्ट ठोकलं, ओढ्यात दगडाखाली दाबली. पखाल पुन्हा दाराशी टांगली.

माणसं येत राहिली. दुरूनच हंबरडा फोडायची, तंबूत शिरायची आणि डोळे पुसत रवी धरायची. आत चुलीवर दिवसभर मटणाची कढई. जाड लोकरी नमद्याचा तंबू भट्टीसारखा तापलेला. म्हातारा मेंढपाळ तुर्दुबेक तर बराच वेळ घुसळत राहिला. "वहिनी म्हणायच्या, मुकाट्यानं घुसळ रे, तुझ्या बडबडीनं कुमिस होत नाही." मग तो रवीवरच डोकं टेकून रडला.

कानिशाय माझी बाही ओढायची. "सांगा ना त्यांना! वर्गात तर सगळ्यांना सांगायचात."

"वर्गात सोपं असतं गं."

तिसऱ्या दिवशी ओढ्यावर गेलो. बाटलीचं बूच उडून गेलेलं, आत ओढ्याचं पाणी. आंबताना वायू तयार होतो, त्याला जागा ठेवायची असते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो. आणि बूच मात्र मीच जास्त जोरात ठोकलं होतं.

सहाव्या दिवशी पखालीतलं बोटभर चाखलं. घसा जळला. तो आता कुमिस नव्हता. नवं दूध घालावं, तर घोड्या पार आटल्या होत्या.

नवव्या दिवशी अनारकुल आली. रस्त्यापासूनच टाहो फोडत आली, मला बिलगली, तंबूत शिरली. रडून तिचे डोळे सुजले होते, समोरचं दिसत नव्हतं, पण हात सरळ रवीवर गेला.

"आई, नको!" कानिशाय धावली.

मी तिचा खांदा धरला. "घुसळू दे तिला."

मग मी वाटी भरून दिली. अनारकुलने एक घोट घेतला. तिचा चेहरा आक्रसला.

"बाबा, हा तर पार गेलाय."

"हो."

"मला फार उशीर झाला ना?"

"नाही गं पोरी. सगळ्यांनी तिला हातभार लावला."

तिने पखालीकडे पाहिलं. रवी अजून हलत होती. मग श्वास न घेता तिने सगळी वाटी प्यायली आणि पुन्हा पुढे केली.

"अजून घाला."