वाणात दिलेला वाडगा

मंगळवारी मार्व्हाचं पत्र आलं आणि माझी झोप उडाली.

मार्व्हा म्हणजे इंग्लंडात, लेस्टरच्या आमच्या हॉस्पिटलातली ऑपरेशन थिएटरची सिस्टर. मी भूल देणारी डॉक्टर. वीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहिलो. तिचे आईवडील जमैकाहून आलेले. सुट्टीच्या दिवशी ती गराजमध्ये मातीची भांडी करायची, आणि विकण्यापेक्षा वाटायचीच जास्त. आता सत्तराव्या वर्षी लायब्ररीच्या हॉलमध्ये तिचं पहिलं प्रदर्शन होतं. ज्याच्या घरी तिचं भांडं आहे त्यानं ते शनिवारी आणायचं आणि का आवडतं ते दोन मिनिटं सांगायचं. खाली हातानं लिहिलं होतं, 'शैला, तुझा काळा वाडगा हवाच.'

वाडगा माझ्याकडे नव्हता. मी तो संक्रांतीला वाण म्हणून लुटला होता.

बारा वर्षांपूर्वी पुण्यात आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट रिन्यूअलला गेलेला. जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी कामावर हजर. मार्व्हा म्हणाली, "आईचं नाव लिहून दे, मी प्रार्थना करीन." मी भान नसल्यासारखं मराठीतच लिहून दिलं. महिन्याभरानं तिनं वाडगा दिला. भुशाच्या धुरात भाजलेला, काळाकुट्ट, एका अंगाला कललेला. थँक्यू म्हटलं आणि देण्याघेण्याच्या कपाटात ठेवला. पुढच्या हळदीकुंकवाला मी डबे मोजून आणले होते आणि एक बाई जास्त आली. संक्रांतीला काळं चालतं, असा सोयीचा विचार करून वाडगा तिच्या हातात दिला. खरं सांगते, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता ती बाई कोण? फोनवर फोन केले. स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. माझे यजमान यशोधन म्हणाले, "तसाच दुसरा ऑनलाइन मिळतो का बघू?"

"अहो, तुम्ही गप्प बसा!"

गुरुवारी माझी मैत्रीण उल्का फोनवर म्हणाली, "अगं, माझ्याबरोबर आली होती ती देविका! ती लंडनला, पिनरमध्ये शिफ्ट झालीय." शुक्रवारी आम्ही निघालो. मोटरवेवर मी मार्व्हाला सांगायच्या चार थापा तयार केल्या. एकही धड नव्हती.

देविकानं दार उघडलं तोच आतून तिच्या मुलीचा, मायराचा आवाज आला. "मम्मी, कुमुदमध्ये फक्त दोन लिंबू आहे!"

मी उंबऱ्यातच थांबले. "कुमुद कोण?"

मायरानं लिंबं ओट्यावर काढली आणि वाडगा उलटा करून दाखवला. बुडाशी काडीनं कोरलं होतं, कुमुद. अक्षर माझंच होतं, 'द'ची शेपटी उगाच लांब ओढायच्या माझ्या खोडीसकट. एकही अक्षर येत नसताना मार्व्हानं रेघन् रेघ उतरवली होती. मी वाडगा कधी उलटा करून पाहिलाच नव्हता.

"आम्हाला वाटलं, हे वाडग्याचंच नाव," देविका म्हणाली. "तेव्हापासून घरात सगळे तिला कुमुदच म्हणतात."

"माझ्या आईचं नाव आहे ते." आणि न राहवून बोलले, "मला परत द्याल का?"

मायरानं वाडगा पोटाशी धरला. "सॉरी, मावशी. पण ती इथे राहते. मी तिला रोज ड्रॉ करते." फ्रिजवर चित्रंच चित्रं होती. "बघा ना, पूर्ण काळा नाहीये. इथे ब्लू आहे. इथे स्मोक कसा वर गेला ते दिसतो."

मी वाकून पाहिलं. खरंच निळा होता. ढगाच्या पोटात असतो तसा. हे मला एका शाळकरी पोरीनं दाखवावं, याची लाज वाटली.

"वाण परत कसं मागता, शैलाताई?" देविका हळूच म्हणाली. "उद्या आम्हीच घेऊन येतो."

शनिवारी हॉल भरला होता. मायरा त्या निळ्याबद्दल दोनाऐवजी पाच मिनिटं बोलली आणि मार्व्हा ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेवर आली. मग माझी पाळी. थापा एव्हाना विसरले होते.

"मी हा वाडगा देऊन टाकला," मी म्हणाले. "काळा आणि वाकडा वाटला म्हणून. माझ्या आईचं नाव त्याच्यावर होतं. मी पाहिलंही नाही."

मार्व्हा उठून माझ्यासमोर आली. चेहरा ऑपरेशनच्या वेळी असायचा तसा.

"ते नाव जमेपर्यंत मी आठ वाडगे मोडले," ती म्हणाली. एवढंच. माफ केलं असं काही म्हणाली नाही. टेबलावरून वाडगा उचलून तिनं माझ्या हातात दिला. "धर तरी."

धरला. कललेल्या बाजूला अंगठ्याएवढा खळगा होता आणि माझा अंगठा त्यात बरोब्बर बसला. तो वाकडा नव्हता, हातात धरायला केलेला होता. मी तिथेच, सगळ्यांसमोर, आईसाठी रडले. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मग मायरानं हात पुढे केले. आईला एकदा मी न बघताच देऊन टाकलं होतं. या वेळी नीट बघितलं, आणि दिलं.