बटणावरचा माणूस

रॉकेटतळाशेजारच्या आमच्या टायटसव्हिल गावात रॉकेट नीट गेलं, तरच बीन्सच्या पातेल्याचं झाकण निघतं. त्या दिवशी मी पातेलंभर बीन्स सकाळीच शिजवून ठेवले होते. लेकीचं, कोरिनचं रॉकेट होतं ना!

कोरिनची कंपनी खासगी आणि चिमुकली. आधीची रॉकेटं समुद्रात गेलेली. हेही गेलं की कंपनीला कुलूप. उड्डाणाचा तळ सरकारचा, निम्मा पैसा सरकारचा, आणि भरकटलेलं रॉकेट हवेतच फोडायचं बटणही सरकारचं. त्या काळी ते माणसाच्या हातात असे. तो माणूस म्हणजे माझा नवरा, होलिस.

बटणवाल्यांनी रॉकेटवाल्यांशी घसट ठेवायची नाही, ही तिथली रीत. होलिसने या खेपेला दुसरा माणूस बसवा म्हणून विनवलं, पण साहेब म्हणाले, "तुझ्याइतका कठोर दुसरा कोण आहे?" मग या पठ्ठ्याने ती रीत घरातच आणली. कोरिन जेवायला आली, की हा ताट घेऊन पडवीत.

"पोटची पोर आहे, वैरीण नाही!" मी करवादले.

"म्हणूनच," तो म्हणाला.

दुपारी मी नदीकाठी उभी होते. रॉकेट उठलं, वर गेलं, कललं आणि गावाकडे वळलं. मग आभाळात भडका उडाला. तुकडे पाण्यात पडले, कुणाला खरचटलंही नाही. मी देवाचे आभार मानले आणि त्याच तोंडाने नवऱ्याला शिव्या घातल्या.

संध्याकाळी कोरिन आली. डोळे सुजलेले. थेट पडवीत गेली.

"बाबा, तू थांबलास."

होलिसने हातातलं ताट खाली ठेवलं.

"रॉकेटने हद्द ओलांडली तरी बटण न दाबता थांबलास. आमच्या पडद्यावर दिसलं सगळं. का?"

"वाटलं, वळेल परत."

"खोटं नको बोलूस."

"तुझं होतं, म्हणून."

"खाली आई उभी होती, बाबा!" ती ओरडली. "आमच्यातल्या कुणाच्याच हातून ते दाबलं गेलं नसतं. म्हणून तर तिथे सरकारचा माणूस लागतो. तूही आमच्यातलाच निघालास?"

होलिसने गळ्यातलं ओळखपत्र काढलं. "उद्या साहेबांना मीच सांगतो. त्या खुर्चीत आता मी नको."

एका दुपारीत लेकीची कंपनी गेली होती आणि नवऱ्याची खुर्चीही.

कोरिनने त्याचं ताट उचललं, आत आणलं आणि टेबलावर आपल्या शेजारी ठेवलं.

"चल आत," ती म्हणाली.

पातेलं झाकलेलंच राहिलं. आम्ही तिघांनी मक्याचा पाव नुसताच खाल्ला.