सीताफळामागचा ठसा

मोनिकाने ग्लोव्हजचा डबा तांदळाच्या कोठीमागे लपवला, हात पुसले आणि मगच दार उघडले.

अमृता नेहमीसारखी घाईत आत आली. गेले चार महिने ती चितेगावहून स्कूटीवर यायची, ओढणी कमरेला बांधून थेट जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि विकायच्या दागिन्यांसाठी पॉलिमर क्ले मळायला घ्यायची. तिचा हात असा हलका, की गिऱ्हाइके तिने केलेली कानातली आधी उचलत. मोनिकाला त्याचे कोण कौतुक होते. रविवारपासून मात्र तिचे डोके फिरले होते.

रविवारी निराला बाजारात एका हातगाडीवर तिला आपलीच सीताफळाची कानातली लटकलेली दिसली. तेच फुगीर हिरवे डोळे, तीच फटीतून डोकावणारी काळी बी. अजून एकही जोडी विकली नव्हती. फोटो स्टेटसवर जेमतेम तासभर ठेवला होता, पण तेवढ्यात कोण नक्कल करणार? नवरा सोमनाथ तर कानातल्यांकडे ढुंकूनही बघत नव्हता. राहिली एकटी अमृता. मोनिकाने ती जोडी विकत घेतली, घरी येऊन उलटी केली, तर पाठीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा स्वच्छ ठसा. भाजलेल्या क्लेवरचा ठसा काही केल्या जात नाही. चोर आयताच हाती लागला, असे तिला वाटले.

"वहिनी, ग्लोव्हज कुठंयत?"

"संपले गं. आज हातानंच कर. ही चकती दाब बरं अंगठ्यानं."

"परवाच तर नवा डबा आणला व्हता मी."

"संपले म्हटलं ना!"

अमृताने तिच्याकडे पाहिले. मग टेबलावरच्या पेपराकडे. त्याखालून भिंगाची मूठ बाहेर आली होती. तिने पेपर उचलला, खालचे सीताफळ उलटे करून बघितले आणि होते तसे ठेवून दिले. मोनिकाचे कान तापले.

अमृताने चकतीवर अंगठा दाबला. मग उरलेली क्ले लाटून सपाट केली आणि एकेक करून बाकीची नऊ बोटेही उमटवली.

"हे काय करतेस?"

"एकानं काय व्हतंय, वहिनी? कंपनीतल्या चोरीत आमच्या आकाशदादाला धरलं, तवा पोलिसांनी दहाच्या दहा घेतले व्हते. चोर दुसराच निघाला."

"अमृता, तसं नाही गं..."

"बघून घ्या सावकाश."

ती चपला घालून जिना उतरून गेली.

मोनिकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हाक मारावी, मागे धावावे म्हणून ती दारापर्यंत गेलीसुद्धा. तिथून परत वळली, भिंग उचलले आणि टेबलावर वाकली. उजवा अंगठा जुळत नव्हता. डावाही नाही. तरी तिने बोटे बघायला घेतली, एकेक करून, पार करंगळीपर्यंत.

एकही जुळले नाही, तेव्हा ती गॅलरीत धावली.

अमृता अजून खालीच उभी होती, हेल्मेट हातात धरून, वर बघत. मोनिकाने घाईघाईने हात वर केला. हातात भिंग होते.

अमृताने हेल्मेट घातले.