तालात पडलेली

धाकटीच्या बॅले शाळेच्या दौऱ्यातला तो शेवटचा प्रयोग होता. थिएटर जुनं, रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला उतरता. सरावात तिने कसंबसं सांभाळून घेतलं होतं, पण प्रयोगात उडी मारून उतरताना पाय सटकला आणि ती सगळ्यांसमोर धपकन खाली बसली. पण वाद्यवृंद थोडाच थांबणार होता? तिने बसल्या बसल्याच हात डौलात वर नेले, गिरकी घेत उठली आणि मैत्रिणींच्या रांगेत जाऊन मिसळली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, नाच तसाच बसवलाय.

पडदा पडल्यावर एका मोठ्या नृत्यसंस्थेच्या संचालिकाबाई विंगेत आल्या. आता आपली धडगत नाही, असं धाकटीला वाटलं.

"पडलीस," बाई म्हणाल्या, "पण तालात पडलीस. आमच्याकडे येशील नाचायला? पगारावर?"

धाकटीने मेकअपही न पुसता घरी फोन लावला.

"बाबा, मी स्टेजवर पडले!"

आईने फोन हिसकावला. "अगं, लागलं का कुठे?"

"लागली ना आई, नोकरी लागली!"

"मेले, आधी नीट सांगायचं ना," म्हणत आई हसता हसता रडायलाच लागली.